तात्यांच्या रानातली देवयानी

लेथखाली दिवसभर लोखंडाचा कीस साठतो ना, तसे कंपनीतल्या माणसाच्या आसपास किस्से साठतात. झाडायला जावं तर बोटात घुसतात. मी सातवी नापास, त्यामुळे माझ्याकडे ज्ञान कमी आणि कीस जास्त.

सत्तर सालानंतरची गोष्ट. पिंपरीच्या एका कंपनीत आम्ही टूलरूमला होतो. आमच्यातला वसंता फिटर, अगदी सरळ माणूस. त्याला एकच खूळ, देवयानीचा फोटो काढायचा. बाई नव्हे राव, दीर्घिका. आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, लई लांबची.

*

दुर्बिणीचा आरसा विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून वसंतानं तो घरीच घासायला काढला. चाळीच्या अंगणात तेलाचं रिकामं पिंप, त्यावर एक काच, तिच्यावर दुसरी, मध्ये पावडर आणि पाणी. घासायचं, एक पाऊल सरकायचं, परत घासायचं. असं पिंपाभोवती गोल गोल, महिनोन् महिने.

शेजारच्या पमाआत्यांनी मला विचारलं, "बापू, हा काय करतोय रे?"

"नवस," मी म्हटलं. "बढतीचा."

वसंता सेकंड शिफ्ट करून आला, तर पिंपाला हळदकुंकू वाहिलेलं आणि पमाआत्यांचे यजमान प्रदक्षिणा घालतायत. पुढं त्यांना बढती मिळाली. वसंताला लेट मार्कचा मेमो मिळाला.

*

दुर्बीण तयार झाली, तसे आमचे फोरमनसाहेब शनी बघायला आले. डोळा लावला. "वा! काय शांत आहे! काय खोली आहे!" चाललंय आपलं. आता दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण मी काढायचं विसरलो होतो, असं मी आजही म्हणतो. वसंतानं हळूच ते काढलं.

साहेब म्हणाले, "आता जरा बिघडलंय. मघाशी जास्त स्वच्छ होतं."

*

पिंपरीत भट्ट्यांचा उजेड, म्हणून आम्ही सायकलींवर दुर्बीण लादून चाकणच्या पुढं तात्यांच्या रानात जायचो. तात्या म्हणजे कांदेवाले शेतकरी. आम्ही गेलो की विहिरीवरचा बल्ब स्वतः बंद करायचे. वसंतानं त्यांना देवयानी दाखवली.

"ह्ये? पुसट हाय की."

"तात्या, तिचा उजेड वीस-बावीस लाख वर्षं चालत आलाय."

तात्यांनी परत डोळा लावला. "मंग बरूबर हाय. खेडच्या बाजारातनं चालत आलो तर मी बी वळखू येत न्हाई."

मग त्यांनीच बातमी दिली. शेजारचं रान एका कंपनीनं घेतलंय, दिवाळीपर्यंत तिथं दिव्यांचे खांब लागणार. म्हणजे वसंताचा अंधार संपत आला होता. एरवी माझा चहाचा थर्मास तोच रिकामा करायचा, त्या रात्री भरलेला तसाच परत दिला.

*

सर्वपित्री अमावास्येला मुहूर्त लागला. पृथ्वी फिरते, म्हणून दुर्बीणही एका स्क्रूनं तिच्याबरोबर सरकवत न्यायची. जोडीच्या छोट्या दुर्बिणीत दोन केसांची फुली असते, तिच्यावर एक तारा तासभर धरून ठेवायचा. ते काम माझं.

"बापू, हसलास तर ताऱ्याची रेघ होईल," वसंता म्हणाला.

तासभर मी हसलो नाही. माझ्या बायकोला हे अजून खरं वाटत नाही.

काचेची प्लेट आम्ही चिंचवड स्टेशनजवळ बशीरचाचांच्या स्टुडिओत, 'देवयानीचा फोटो' एवढंच सांगून धुवायला दिली. प्लेट बसवायला दुर्बिणीला लावलेली कॅमेऱ्याची जुनी पाठही त्यांचीच. चाचांचा हात असा, की मुलीच्या फोटोतले देवीचे व्रण निगेटिव्हवरूनच ब्लेडनं काढायचे आणि स्थळ जमायचं.

आम्ही फोटो आणायला गेलो. चाचांचे डोळे लाल. त्यांनी फोटो पुढं ठेवला. काळा कुळकुळीत, कोपऱ्यापर्यंत एक ठिपका नाही.

"बेटा, चेहरा काही सापडला नाही," चाचा म्हणाले, "पण व्रण केवढे! जेवायलासुद्धा उठलो नाही. मधे एक मोठा डाग होता, तो औषधानं घालवला. हातकामाचे पैसे नकोत."

वसंतानं प्लेट उजेडाकडे धरली. सगळी खरवडलेली. त्यानं चाचांना म्हटलं, "फार सफाईनं केलंय चाचा." बाहेर आल्यावर पायरीवर बसला, तो बराच वेळ उठला नाही.

मग मीच आत जाऊन चाचांना सांगितलं, की ते व्रण म्हणजे तारे होते आणि मधला डाग म्हणजे देवयानी. थट्टा न करता एखादी गोष्ट सांगायची माझी ती पहिलीच खेप.

*

कार्तिकातल्या अमावास्येला आम्ही पुन्हा गेलो, तर खांबांवर दिवे लागलेले. रान दुपारसारखं. वसंता दुर्बीण परत सायकलीवर बांधायला लागला.

"कशाला सोडली मी झोप?" मागून आवाज आला. बशीरचाचा. मफलर गुंडाळून, नवी प्लेट छातीशी धरून शेवटच्या एसटीनं आलेले.

"थांबा वाईच," म्हणून तात्या कंपनीच्या गेटाकडे गेले. तिथला वॉचमन त्यांचा भाचा. थोड्या वेळानं दिवे गेले. कसे गेले, मला ठाऊक नाही. तात्यांच्या कोपरीच्या खिशात फ्यूजसारखं चिनी मातीचं काहीतरी खळखळत होतं एवढं खरं.

मी स्क्रूवर. वसंता प्लेटवर. चाचा बांधावर मान वर करून उभे.

"चाचा, बसा की," वसंता म्हणाला.

तासभर ते बसले नाहीत.

*

पुढं कित्येक वर्षं चाचांच्या शोकेसमध्ये नवरानवरी आणि बाळांच्या मधोमध देवयानी होती. एकदा मी तिथं बसलेलो असताना एक बाई लेकीचा फोटो काढायला आल्या. शोकेसकडे बघून म्हणाल्या, "चाचा, त्या मधल्या फोटोवर किती ठिपके पडलेत. तेवढे काढून तरी लावायचा."

चाचांनी चष्मा पुसला.

"काढले होते ताई, सगळे. मग रात्री रानात जाऊन बघितलं, तर एकूण एक जागच्या जागी."