फ्रीझरची खंडेनवमी

थंड पाण्यात जीन्सचा रंग उतरवणारा जिवाणू मला उल्हासनगरच्या एका वॉशिंग युनिटमागच्या नाल्यात सापडला. बाटली भरताना युनिटचा मालक म्हणाला होता, "मॅडम, हे पाणी आम्ही फुकटच सोडतो. चोरता कशाला?" शोधाला मिळालेली ती पहिली आणि आजवरची शेवटची दाद.

पुढे आमची नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या नावाने, त्याच्या नव्या कंपनीने त्याच जिवाणूवर पेटंट मागितलं. आम्ही हरकत घेतली. शोध मुळात माझा, हे सिद्ध करायचं होतं.

"कागद आहेत, पण तुमचा जिवाणू वेगळा होता असं ते म्हणतील," वकील म्हणाले. "मूळ जिवाणू द्या. दोन्ही जुळले की विषय संपला."

मूळ जिवाणू आनंदनगरच्या आमच्या कारखान्यात, डीप फ्रीझरमध्ये होता. मधल्या काळात दुसरीच कामं चालली होती, त्यामुळे कुप्या उघडायचं कारण पडलं नव्हतं. आता एक उघडली, काही वाढलं नाही. मग दुसरी. मग सगळ्या.

कारखान्याचे मालक, आमचे सर, पाहुण्यांसमोर विज्ञानाशिवाय दुसरं बोलत नाहीत, आणि खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना विश्रांती देतात. एका वर्षी मी बदलापूरला तापाने पडले होते, त्या वर्षीची शंका आता मला खाऊ लागली.

"सर, त्या वर्षी फ्रीझरही बंद केला होता?"

"मग? वर्षभर घरघरत असतो बिचारा. त्याला काय जीव नाही?"

"त्याच्या आत होता, सर."

दसरा, त्याला जोडून रविवार आणि ऑक्टोबरचा उकाडा. एवढ्यात सगळं संपलं होतं.

वकिलांच्या ऑफिसात सरांनी दिलासा म्हणून मोबाइलवर त्याच पूजेचा फोटो दाखवला. झेंडूची माळ घातलेला फ्रीझर, नारळ, आणि नारळाखाली माझ्या जिवाणूने फिकट केलेला जीन्सचा तुकडा. तारीख त्या कंपनीच्या अर्जाच्या आधीची. वकील खुलले. मग त्यांनी फोटो मोठा केला. "हे खाली काय लोंबतंय?"

फ्रीझरचा प्लग होता.

"तेवढं कापून टाका ना," सर म्हणाले.

"मूळ फोटोच द्यावा लागतो, साहेब."

दिला. सुनावणीत पलीकडच्या वकिलाने तो प्लग एवढ्या प्रेमाने दाखवला, की जणू शोध त्याचाच असावा. निकालात लिहिलं आहे: कापड फिकट झालेलं दिसतं, ते कशाने झालं हे दिसत नाही. हरकत फेटाळली. शोध कायद्याने आता त्या सहकाऱ्याचा.

सरांनी निकाल वाचून घडी घातली. "आपली पूजाच कुठेतरी कमी पडली, मॅडम."

रिकाम्या फ्रीझरचा प्लग मी सॉकेटमध्ये घालून चिकटपट्टीने पक्का करून टाकला आहे. यंदा माळ त्यावरूनच घातली जाईल.