गुलाबी कव्हरवरचं नाव

नगरात चर्चच्या आवाराला लागून एक पुस्तकांचं दुकान आहे, तिथे मी बायबल विकते. पूर्वी गिऱ्हाइकाला दोनच गोष्टी विचाराव्या लागायच्या: अक्षर मोठं हवं की बारीक, आणि कव्हर साधं की चेनचं. आता मला काउंटरवर सगळा संसार मांडावा लागतो. बायकांचं बायबल गुलाबी, तरुणांचं जीन्सच्या कापडातलं, नवऱ्या मुलीला द्यायचं पांढरं, त्याला मोत्यांची माळ. एका आवृत्तीत भरभराटीची वचनं हिरव्या शाईत छापली आहेत, म्हणजे घाईत असणाऱ्याने तेवढीच वाचावीत. शेतकऱ्यांसाठीही एक निघालं होतं. त्याच्या कव्हरवर पिवळाधमक गहू, कुठल्या तरी परदेशातला.

पाथर्डीकडचे एक आजोबा तो गहू बराच वेळ बघत उभे राहिले. "ह्यो कुणाचा गहू हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आजोबा, आत सगळं तेच आहे." "मग कव्हर कशाला बदलता?" असं म्हणून ते साधं काळं घेऊन गेले. मला त्यांचा फार हेवा वाटला. मला मात्र तीच कव्हरं दिवसभर विकायची होती.

प्रकाशन कंपनीचा माणूस पुण्याहून यायचा, नमुन्यांची बॅग घेऊन. बोलायला गोड. "मॅडम, शिर्डीला जाऊन बघा. प्रसाद तोच असतो, पण पाकीट बघा." मागच्या उन्हाळ्यात त्याने नवीनच काढलं: 'तुमच्या नावाचं बायबल'. मोबाईलवर आपलं नाव भरायचं, मग कंपनी ते बायबलातल्या वचनांमध्ये जागोजागी छापून, वर कव्हरवर सोनेरी अक्षरांत उठवून घरपोच पाठवणार. वाचताना देव थेट तुमच्याशी बोलतोय असं वाटतं म्हणे. मी त्याला विचारलं, "देवाला माझं नाव माहीत नाही का? कंपनीने कळवावं लागतं?" तो हसला आणि भिंतीवर पोस्टर चिकटवून गेला.

घरी येऊन मी हा किस्सा ह्यांना सांगितला. आम्ही केडगावात राहतो, मी, हे आणि सासूबाई. हे सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशिनवर होते. पहिल्या पाळीहून आले की चहा घ्यायचे, हातपाय धुऊन आईजवळ बसायचे आणि तिला एक स्तोत्र वाचून दाखवायचे. सासूबाईंना वाचता येत नाही आणि आता डोळ्यांनाही अंधुक दिसतं. त्या दिवशी माझी चिडचिड ऐकून हे खूप हसले आणि म्हणाले, "पण मागवायचं कसं असतं ते?" मी म्हटलं, मोबाईलवरनं. पुढे मी भाकरी थापायला लागले आणि तो विषय तिथेच राहिला.

गणपतीच्या सुमारास हे कारखान्यातच कोसळले. तिथून त्यांना नगरच्या हॉस्पिटलात आणलं, मला दुकानात फोन आला, मी रिक्षाने गेले. मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. खिडकीवरच्या मुलाने विचारलं, "पेशंटचं नाव?" मी पर्समधून ह्यांचं आधार कार्ड काढून त्याच्यापुढे सरकवलं. तो म्हणाला, "तोंडी सांगा की." मी कार्डाकडे बोट दाखवलं.

याचं कारण सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लग्न होऊन घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला बजावलं होतं की नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, त्याचं आयुष्य घटतं. आम्ही ख्रिस्ती, पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती, पण हे काही आमच्या घरातून गेलं नाही. चर्चचे पाळक चेष्टा करायचे. मीही मैत्रिणींमध्ये चेष्टा करायचे, आणि तरी नाव कधी घेतलं नाही. अहो, हे, आमच्या घरचे, एवढ्यावर सगळा संसार झाला. हॉस्पिटलातसुद्धा, आत ते तसे पडलेले असताना, माझी जीभ उचलली नाही. विश्वास होता म्हणून नव्हे. सवय होती.

दफनाच्या दिवशी मला काहीच वाटलं नाही. मंडळीतल्या बायका पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "रडून घे गं, मोकळी हो." मी त्यांच्या हातातल्या बांगड्या बघत होते. नंतरही तसंच. दुकानात जायचे, बायबल विकायचे, सुटे पैसे परत द्यायचे, केडगावला यायचे. भाजीत मीठ पडलंय की नाही ते कळायचं नाही, आणि सासूबाईही काही बोलायच्या नाहीत. जे पुढ्यात येईल त्यातला चतकोर खाऊन उरलेलं त्या झाकून ठेवायच्या.

त्यांनी प्रार्थनाही सोडली होती. संध्याकाळी मी विचारायचे, "आई, वाचू का?" त्या म्हणायच्या, "नगं." रोज विचारायचे आणि रोज तेच. मला त्यांची भीती वाटायला लागली होती. म्हातारं माणूस असं एकेक गोष्ट सोडत जातं आणि एक दिवस सगळंच सोडतं, हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिलं होतं. त्यांनी एकदा 'वाच' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. बाकी कशाचीच इच्छा उरली नव्हती.

दिवाळी झाल्यावर पार्सल आलं. वर ह्यांचा नंबर, आमचा पत्ता. फोडलं तर आत गुलाबी बायबल, बायकांची आवृत्ती, आणि कव्हरवर सोनेरी अक्षरांत ह्यांचं नाव. सोबत छापील कार्ड: लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. मी उभ्या उभ्या पानं उलटली. जिथे तिथे ह्यांचं नाव. देव ह्यांना दीर्घायुष्य देणार होता. ह्यांच्या पायाला ठेच लागू देणार नव्हता. मला हसू यायला हवं होतं किंवा रडू. दोन्ही आलं नाही. मी बायबल टीव्हीवर ठेवलं आणि कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी दुकानातून कंपनीला फोन लावला, कारण चूक झाली की फोन लावायचा हे माझ्या अंगवळणी पडलंय. तिकडच्या मुलीने शोधून सांगितलं. मागणी उन्हाळ्यातलीच होती, पोचवायची तारीख आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची. ह्यांनी नाव भरलं होतं ते रेशन कार्डावर असतं तसं: आधी आडनाव, मग माझं नाव, शेवटी नवऱ्याचं. आपल्याकडे कुणीही असंच भरेल. पण छपाई होते दक्षिणेत, आणि तिकडे म्हणे माणसाचं स्वतःचं नाव शेवटी येतं. मशिनने शेवटचं उचललं.

"काळजी करू नका मॅम," ती म्हणाली, "ही प्रत परत पाठवा, आम्ही ती नष्ट करू आणि तुमच्या नावाची नवीन देऊ. त्यांचं नाव सगळीकडून काढून टाकू." तिला बिचारीला काय माहीत. मी "बरं" म्हटलं. उद्या कुरिअरवाला येईल असं तिने सांगितलं. मग समोर एक बाई नातीसाठी बायबल बघत होती, तिला मी मोत्यांचं दाखवलं.

संध्याकाळी मी बायबल कागदात गुंडाळत होते. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "काय बांदतीस?"

"बायबल आहे, आई. कंपनीला परत पाठवायचंय."

"आन हिकडं."

मी त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी कव्हरवरनं बोटं फिरवली, उठवलेली अक्षरं चाचपली. "काय लिवलंय?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "ह्यांचं नाव. माझ्यासाठी मागवलं होतं ह्यांनी, पण कंपनीने चुकून ह्यांचंच घातलं. आत वचनांमध्येही तेच आहे."

त्यांनी तळवा त्या अक्षरांवर सपाट ठेवला. मग म्हणाल्या, "वाच."

मी खाली त्यांच्या पायाशी बसले आणि हे नेहमी वाचायचे ते स्तोत्र काढलं, ज्यात रोगराई घराकडे फिरकणार नाही असं सांगितलंय. वाचायला लागले. नाव आलं की मी थांबायचे आणि पुढचा शब्द धरायचे. दोनदा असं झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"मदी काय गाळतीस?"

"नाव, आई."

"का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, पण त्यांनी मान माझ्याकडेच वळवली होती. मला एकदम त्यांचा राग आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी आलं आणि तो राग होता. मी म्हटलं, "तुम्हीच सांगितलं होतं ना, घ्यायचं नाही म्हणून. आयुष्य घटतं म्हणून. मी एकदाही घेतलं नाही, आई. एकदाही नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्याच सांगितल्तं." त्यांचा आवाज अजिबात हलला नाही. "आता घे. आता काय घटायचंय त्याचं?"

मी पहिल्या ओळीपासून परत सुरू केलं. नाव आलं तेव्हा ते घेतलं, फार मोठ्याने, शेजारी ऐकू गेलं असेल. पुढच्या ओळीत परत ते होतं. तोवर माझ्या डोळ्यांतून इतकं पाणी वाहत होतं की अक्षरं दिसेनाशी झाली, पण ते स्तोत्र मला पाठ आहे. मी म्हणत राहिले, नाव घेत राहिले, आणि दर वेळी मी ते घेतलं की सासूबाई खाटेवरून आपल्या मुलाच्या वतीने हळूच म्हणत होत्या, "व्हय."