दोन माणसांचा तंबू

शिंपीणबाईंच्या हातचा टाका उसवलेला कुणी पाहिला नव्हता. त्यामुळे नवरा गेल्यावर त्याचा तंबू माळ्यावरून खाली काढला, शिवणी जुन्या वाटल्या, तेव्हा त्यांनी पहिलं काम काय केलं, तर प्रत्येक शिवणीवर मशीनची दुहेरी टीप मारली.

नवरा पोस्टमन होता. वर्षातून एक रात्र जंगलातल्या तळ्याकाठी एकटाच राहून यायचा. तंबू मात्र दोघांचा, चांगला जड.

"एकट्याला एवढं ओझं कशाला?"

"तू आलीस तर?"

मशीनवरून उठायला बाईंना कधी फुरसत झाली नाही. आता तळ्याकाठी एक रात्र काढायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"आई, गुडघे बघ तुझे," लेक म्हणाली. "आधी गच्चीवर तंबू लाव. मी वरून बादली ओतणार. थेंब जरी आत आला, तर तळं विसरायचं. कबूल?"

"कबूल."

काठ्या एकीकडे, कापड दुसरीकडे. तंबू उभाच राहीना. जावई हसू दाबत म्हणाला, "आई, पायजम्याची नाडी ओवताय असं समजा." तसं समजल्यावर काठी सरळ आत गेली.

मग लेकीने बादली ओतली. आत बसलेल्या बाईंच्या अंगावर ओळीने थेंब पडू लागले, बरोबर नव्या टिपेच्या रेषेत.

"आई, हा तंबू आहे की चाळणी?"

चाळीस वर्षं ज्या टाक्याच्या जिवावर बाईंनी मान ताठ ठेवली, त्यानेच घात केला होता. रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी लेकच म्हणाली, "पुन्हा एकदा बघू. पण शेवटचं हं."

बाई तंबू घेऊन जंगलाच्या नाक्यावर गेल्या, तेव्हा तिथल्या वनरक्षकाने शिवणी पाहून कपाळाला हात लावला. "बाई, सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला उघडं दार. उसवूनही ते मिटायचं नाही. आतून पाण्यात न विरघळणारा रबरी गोंद भरा." बाईंनी बारीक ब्रशने एकेक भोक बुजवलं. पुढचे दोन महिने दर रविवारी त्या नाक्यामागच्या मोकळ्या जागेत जात. मेख तिरकी ठोकायची, खोलगट जागी तंबू लावायचा नाही, चूल पेटवायची ती वारा बघून, हे सगळं त्या शिकल्या. अंगठा दोनदा ठेचला.

दुसऱ्या खेपेला लेकीने तीन बादल्या ओतल्या. चौथी भरली, पण ओतली नाही. आत शिरून आईशेजारी बसली आणि कापडावरून हात फिरवत राहिली.

तळ्याकाठी बाई एकट्या राहिल्या. हाकेच्या अंतरावर वनरक्षकाची चौकी होती. पहाटे पावसाची मोठी सर येऊन गेली.

उजाडताच लेक धापा टाकत आली. बाई तंबूच्या तोंडाशी बसल्या होत्या. आत दोन सतरंज्या अंथरलेल्या; एक चुरगळलेली, दुसरीला सुरकुतीही नव्हती.

"झोप लागली का गं?"

"नाही." बाईंनी न वापरलेल्या सतरंजीवर तळहात टेकला. "पण ही बाजूसुद्धा कोरडी राहिली बघ."