मावशींची भूक आणि ताईचं मनोबल

बाजारामागच्या गल्लीत, चावीवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत मावशी बायकांचे कपडे शिवायच्या. दोन मशिनं, एक उभा आरसा आणि चिंध्यांचं गाठोडं एवढाच पसारा. मावशी अंगानं चांगल्या भरलेल्या होत्या, त्यामुळे गिऱ्हाईक कापडाबरोबर सल्लाही घेऊन यायचं. माप देताना पोट आत ओढून धरलेल्या बायका त्याच अवस्थेत सांगायच्या, "मावशी, रात्रीचं जेवण सोडा, बघा कसा फरक पडतो." मावशी हो म्हणायच्या आणि मापात गुपचूप दोन बोटं वाढवायच्या. म्हणून तर त्या बायकांना कपडे बसायचे.

सल्लागारांत पहिला मान थोरल्या बहिणीचा. ताई जन्माची काटकुळी. तिला मुळात भूकच बेताची लागायची आणि यालाच ती मनोबल म्हणायची. बशीतला अर्धा केक तसाच ठेवून ती सांगायची, "जिभेवर ताबा हवा." तो अर्धा केक मग मावशी संपवायच्या, म्हणजे ताईचा मुद्दाही आपोआप सिद्ध व्हायचा.

ताईच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा हुकूम आला, "फोटोत बरी दिसशील असं कर काहीतरी." मावशींनी मनावर घेतलं. सकाळी काकडी, दुपारी पाण्यासारखं सूप, संध्याकाळी पुन्हा काकडी. लग्नापर्यंत त्या अशा उतरल्या, की स्वतःच्याच नव्या कपड्याला पुन्हा टिपा मारून तो आवळावा लागला. लग्नात जो तो विचारायचा आणि ताई सांगायची, "मीच मागे लागले होते तिच्या."

पाहुणे गेले, पण नव्यानं आलेली भूक जायचं नाव घेईना. जेवून हात धुतला, की पोटात पुन्हा खड्डा. बाही जोडताना डोळ्यांपुढे भाताचं पातेलं. समोरच्या बेकरीत पाव भाजला, की इकडे मशीन थांबायचं. बघता बघता गेलेलं वजन परत आलं आणि येताना थोडं जास्तीचंही सोबत घेऊन आलं.

"मन खंबीर नाही तुझं," ताईनं निकाल दिला. मावशींना तो पटलाही.

पुढे गुडघा दुखतो म्हणून त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरबाईंनी वजनाचं विचारल्यावर मावशींनी मान खाली घातली. "खाते मी. आवरतच नाही."

"कसं आवरेल?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "शरीराला वाटलं, दुष्काळ पडला. चरबी घटली, की 'साठा पुरेसा आहे' असं मेंदूला कळवणारं संप्रेरक कमी होतं. जठरातून भूक लावणारं संप्रेरक जास्त सुटतं, आतड्याकडून 'आता पुरे' हा निरोप नीट पोचत नाही. वर शरीर हात आखडून ऊर्जा खर्च करतं. तुम्ही एकट्या, समोर ही सगळी फौज."

"मग माझ्या बहिणीचं असं का होत नाही?"

"प्रत्येकाची भूक सारखी नसते. बरंचसं जन्मतःच ठरून येतं."

मावशींनी हे ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "डॉक्टरांना काय, काहीतरी सांगावंच लागतं."

त्यानंतर काही महिन्यांनी ताईचे सांधे सुजले आणि तिला स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. एका दुपारी ती पिशवीभर कपडे घेऊन जिना चढून आली.

"जरा सैल करून दे. धुऊन आटलेत."

"सगळेच?"

"सगळेच."

मावशींनी टेप काढली. माप घेऊन होईस्तोवर ताईनं मशिनवरचा बिस्किटांचा डबा उघडला होता. चौथं बिस्कीट तोंडात टाकून ती हळूच म्हणाली, "जेवून उठते ना उठते, तोच पुन्हा भूक. पोट भरल्याचं कळतच नाही गं. चोरून खाते. लाज वाटते."

मावशींकडे या वाक्याचं उत्तर कितीतरी वर्षं पडून होतं. त्या म्हणाल्या, "मन खंबीर कर, ताई."

ताईनं वर पाहिलं. मग ताईला फस्सकन हसू फुटलं, मावशींनाही आवरेना, आणि दोघींनी मिळून डबा रिकामा केला. "तू कशी गं काढलीस इतकी वर्षं?" ताईनं विचारलं. मावशींनी डब्याच्या तळाचा चुरा तिच्या तळहातावर ओतला.

ताईचे सांधे सुधारले, डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या, गोळ्यांनी खवळलेली भूक ओसरली, अंगही उतरलं. त्यापाठोपाठ मनोबलही ठणठणीत बरं झालं. मावशींनी मात्र काकडीशी संबंध तोडले. डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून त्या वेळेवर पोटभर जेवू लागल्या, डाळ आणि अंडी वाढवली, संध्याकाळी चालू लागल्या. वजन थोडं उतरलं आणि तिथेच थांबलं. गुडघ्याला तेवढं पुरलं.

परवा ताई मावशींच्या खोलीत बसून एका गुबगुबीत गिऱ्हाइकाला समजावत होती, "सगळं मनावर असतं हो." मावशींच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. टाचण्या काढल्यावरही बोलल्या नाहीत. जेवायची वेळ झाली होती.