जीप कवा रुसती

बिरूमामा सपाट जमिनीवर कधी गाडी उभी करत नसत. बाकीचे लोक सावली शोधत, तेव्हा त्यांचा डोळा उतार शोधत फिरायचा. समोर लिंबाखाली गारवा असला तरी तो सोडून ते रणरणत्या उन्हात एखाद्या टेकाडाच्या कडेला जीप नेत, चाकाला दगड लावत आणि मग मागे वळून म्हणत, "उतरा आता. देवाच्या भरवशावर न्हाई, उताराच्या भरवशावर उभी हाय." त्यांची बायको सांगायची, की हा माणूस घरी खाटसुद्धा पायाकडे उतार करून टाकतो, सकाळी उठताना धक्का मारायची पाळी येऊ नये म्हणून.

ही बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमच्या दूध संघात तेव्हा दूध सोडून सगळं होतं. गेवराईकडच्या माळावर आणि कोरड्या नदीपात्रात संघानं जनावरांच्या छावण्या उघडल्या होत्या. तिकडे रस्ते नव्हते, म्हणून लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेतलेली. दगडगोट्यांतून, वाळूतून ती मस्त चालायची. रस्ता नसला की जास्तच खूश. फक्त एकदा बंद केली की पुन्हा सुरू होईल की नाही, हे कुणालाच सांगता येत नसे. कधी पाय लावताच गर्जायची, तर कधी नुसती कण्हून गप्प.

मी तेव्हा विशीतली, मॅट्रिक पास, संघाच्या जनावरांच्या डॉक्टरांची मदतनीस. सुया उकळायच्या, आणि लशीच्या बाटल्या बर्फाच्या पत्र्याच्या पेटीत घालून छावण्यांवर पोचवायच्या, एवढंच माझं काम. पण ऐट विचारू नका. स्वतःला मी निम्मी डॉक्टरीणच समजत होते. मनगटावर एक बंद पडलेलं घड्याळ बांधायचे आणि लोक बघताहेत असं वाटलं की त्यात गंभीरपणे वेळ बघायचे. जीपमध्ये माझी जागा मागच्या बाकावर, पेटीशेजारी. पुढची सीट रिकामी असली तरी मागेच. ती संचालकांची, असं सांगितलं जायचं. आमच्या वस्तीतल्या पोरीनं तिच्यावर बसू नये, हे कुणी सांगत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

बिरूमामा धनगराचे. थोरला भाऊ मेंढरं राखायचा, हे जीप राखायचे. भरदार मिशा, मोठा आवाज आणि काळीज उंदराचं. एकदा इंजिनाचं हँडल मारताना ते उलटं फिरलं आणि त्यांचं मनगट मोडलं. तेव्हापासून ते हँडलला हात लावत नसत. घरी एका पोत्यात गुंडाळून ठेवलेलं होतं, साप ठेवावा तसं. पालीला भ्यायचे, बायकोला भ्यायचे, आणि आमचे संचालक आबासाहेब समोर आले की आवाज बारीक व्हायचा. पण गाडीचं दुखणं काढण्याची त्यांची रीत मात्र त्यांची स्वतःची होती. म्हणायचे, "मेंढी सांगती का ताई, मला हितं दुखतंय म्हनून? ती कवा मागं ऱ्हाती ते बगायचं. पान्याला जाताना, का पानी पिऊन येताना. कावून, कावून करत बसलं की मेंढी मरती. कवा ते इचारायचं."

रीत चांगली, पण उत्तरं बहुतेक चुकायची. एकदा "घावली!" म्हणून ओरडले आणि सगळी बॅटरी घासूनपुसून काढली. दोन दिवस गाडी बरी, तिसऱ्या दिवशी पुन्हा कण्हली. मग "आता खरी घावली!" म्हणून सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, खोलला. त्यानंतर पेट्रोलची नळी फुंकून फुंकून तोंड भाजल्यासारखं करून घेतलं. कोडं असं, की गाडी रुसलेली असली तरी हॉर्न वाजायचा, दिवेही लागायचे. पायाखालचं सेल्फचं बटण दाबलं की मात्र नुसतं "हूंऽ". मग उतार आणि धक्का.

एके दिवशी गेवराईच्या हॉटेलात चहा पिताना कुणीतरी चेष्टा केली, "काय बिरूमामा, तुमची राणी आज बी रुसली?" मामा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "ताई बसल्या की रुसती ती. सवत वाटती तिला." सगळं हॉटेल हसलं. सगळ्यात जास्त मी हसले. मला तर मोठा मानच वाटला! इतकी अक्कल होती.

तो विनोद आमच्या आधी छावण्यांवर पोचू लागला. पहिल्या आठवड्यात लोक हसत विचारायचे. दुसऱ्या आठवड्यात हसणं गेलं. आबासाहेब म्हणाले, "मी जीप नेतो तेव्हा कधी बंद पडत नाही बुवा." आणि ते खरंच होतं. मग मी आले की बायका वासराचं तोंड दुसरीकडे फिरवू लागल्या. गाभडलेल्या म्हशीकडे मी बघितलं, तर तिच्या मालकानं मध्ये घोंगडी धरली. पाऊस नाही, विहिरी आटलेल्या, दावणीला रोज एखादं जनावर पाय ताठ करून पडलेलं. आणि एवढं सगळं कुणामुळे, हे विचारत प्रत्येकाची नजर फिरत होती. ती माझ्यावर येऊन थांबू लागली.

आता हसायचं तर हसा. माझ्या बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते. त्यांच्या या शिकल्यासवरल्या लेकीनं काय केलं? एक लिंबू घेतलं, त्याला काळा दोरा बांधला आणि गुपचूप लशीच्या पेटीत ठेवलं. लसही गार, लिंबूही गार. दुपारी डॉक्टरांना ते सापडलं. त्यांना वाटलं, पोरीनं आपल्यासाठी आणलंय. दोरा फेकून त्यांनी त्याचं सरबत केलं आणि मला आशीर्वाद दिला. जीप त्या दिवशीही सुरू झाली नाही.

पण मग एका दुपारी जे दिसलं, त्यावर मला अजून हसता येत नाही. नदीपलीकडच्या एका गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला, एक बाई गाठोडं घेऊन बसली होती. कपाळ फुटलेलं, रक्त वाळून काळं झालेलं. हिनंच पाऊस बांधला म्हणून गावानं तिला बाहेर काढलं, असं पुढे कळलं. तिनं जीप बघून हात वर केला. मामांनी वेग कमी केला, इकडेतिकडे बघितलं. सगळं सपाट. गाडी थांबली तर पुन्हा सुरू होईल का? मागून गावातली माणसं बघत उभी होती, आणि जीपमध्ये मी होते. मामांनी पाय दाबला आणि गाडी तिच्या वर केलेल्या हाताजवळून धूळ उडवत पुढे नेली. मी मागे बसलेली. तिचा हात खाली येताना मला दिसला.

पुढच्या टेकाडावर मामा थांबले. स्टिअरिंगवर कपाळ टेकून म्हणाले, "ताई, म्या काय बोलून बसलो ओ." त्यांचा आवाज आबासाहेबांसमोर होतो तसा बारीक झाला होता. त्या दिवसापासून त्यांची चेष्टामस्करी बंद झाली. परत येताना मात्र त्यांनी विचारलं, "ताई, सांजच्याला परत येताना ही कवा रुसली का?"

मी आठवून पाहिलं. "नाही."

"कवाच?"

"कधीच नाही."

"मंग येताना तुमी दुसऱ्या असता का?"

मला काही कळेना. जाताना मी अपशकुनी आणि येताना शुभ, हे कसं, असा प्रश्न माझ्या मॅट्रिक पास डोक्याला पडलाच नाही. मी आपली मान खाली घालून बसले. मामाच पुटपुटत राहिले, "येताना काय नसतं... येताना काय नसतं..."

दुसऱ्याच सकाळी आबासाहेब स्वतः जीपमध्ये बसले. "आज मी बघतो. आज बंद पडली तर ही पोरगी उद्यापासून संघात नको," असं निघतानाच सांगितलं. संघाच्या आवारात मामांनी नेहमीसारखी आधी जीप सुरू केली, मग बर्फ भरलेली जड पेटी मागे चढवली. बर्फाला थांबवायचं नाही, असा त्यांचा नियम. डॉक्टर पुढच्या छावणीवर वाट बघत होते. तिथे जनावरांत घटसर्पाची साथ शिरली होती. लस वेळेत गेली नाही तर दावण रिकामी होणार होती.

वाटेतली छावणी नदीपात्रात. आबासाहेबांनी जीप मांडवाशी, वाळूतच थांबवायला लावली. उतार नाही, आणि धक्का मारावा तर चाकं रुतणार. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मिशांना घाम सुटला होता.

निघताना सेल्फ दाबला. "हूंऽ". पुन्हा "हूंऽ".

लोक जमले. त्या छावणीत सकाळीच एक बैल गेला होता, तो अजून ओढून नेलेला नव्हता. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आबासायेब बसल्यात तरी न्हाई झाली. उतरवा तिला." मग चारी बाजूंनी, "उतरवा! उतरवा!"

मी उतरले. लशीची पेटी मात्र सोडली नाही. छातीशी धरून ओढत खाली घेतली. मामांनी सेल्फ दाबला आणि जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली.

गर्दी एकदम गप्प झाली. ओरडत होते तेव्हा बरं होतं. एक म्हातारा खाली वाकला आणि त्यानं काहीतरी उचललं. काय ते मी बघितलं नाही. रस्त्याकडेची ती बाई मात्र डोळ्यांसमोर आली, फुटलेल्या कपाळासकट.

तेवढ्यात मामांनी चालू झालेली जीप बंद केली.

"बंद कावून केली बे?" आबासाहेब ओरडले.

मामा गर्दीकडे वळले. आवाज मोठाच निघाला. "ही कवा सुरू झाली ते बगायचं हाय. ताई उतरल्यावर, का पेटी उतरल्यावर? ताई, पेटी ठिवा खाली आन बसा गाडीत."

मी नाही म्हणून मान हलवली.

"बसा म्हनतो न्हवं!"

मी बसले. जीप सुरू झाली. कुजबुज झाली. मामांनी ती पुन्हा बंद केली, मला उतरवलं आणि एकट्यानं पेटी उचलून तिच्या जागी ठेवली. मग स्टिअरिंगमागे बसले, गुडघा हलवला. जीप गप्प. पुन्हा हलवला. गप्प.

"बगा!" मामा म्हणाले. "ताई खाली हायत. पेटी वर हाय."

"नाटक करतोस," आबासाहेब म्हणाले. "ऊठ. मी बघतो."

धोतर सावरून ते स्वतः स्टिअरिंगमागे बसले. सेल्फवर चप्पल ठेवली. मी डोळे मिटून घेतले. वाळूवर एक गाय दीर्घ श्वास टाकत होती, तो ऐकू येत होता.

"हूंऽ".

मग पुन्हा, जोरात पाय आपटल्याचा आवाज, आणि "हूंऽ". मग आणखी एकदा. गर्दीत एक लहान पोर खुदकन हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं, पण तोवर ते हसू पसरलं होतं. मी डोळे उघडले तेव्हा आबासाहेब मांडवाकडे चालू लागले होते आणि त्यांची फक्त पाठ दिसत होती.

मामांनी मागचा पत्रा उचकटला. लिलावानंतर कुणीतरी बॅटरी बाकाखाली हलवली होती आणि तिची जाड वायर पेटीच्या बरोबर खालून पुढे नेली होती. वरून रबर धड, आतल्या तारा तुटत आलेल्या. हॉर्नपुरती, दिव्यापुरती वीज जायची. बर्फानं जड झालेली पेटी पत्र्यावर बसली की तार आणखी दबायची आणि सेल्फला काही पोचायचं नाही. सांजच्याला बर्फ वितळून, पाणी गळून पेटी हलकी झालेली असायची. मामांनी तारा पिळून बांधल्या, पेटी दुसऱ्या बाजूला ठेवली आणि आम्ही निघालो. पुढच्या छावणीतली सगळी जनावरं वाचली नाहीत, पण दावण रिकामी झाली नाही. ज्यांनी उतरवा म्हटलं होतं, त्यांच्यातल्या एका बाईनं मला निघताना पाणी दिलं. वरून ओतलं, पण दिलं.

माझी नोकरी राहिली, ती पुढे केस पिकेपर्यंत राहिली. मामांची गेली. जीप दुरुस्त झाली होती, म्हणजे आता कुणीही ड्रायव्हर चालणार होता. आबासाहेबांनी असंच कारण दिलं.

मामा भावाच्या मेंढरांबरोबर गोदावरीकडे निघाले तेव्हा मी भेटायला गेले. ती आमची शेवटची भेट. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. ड्रायव्हरच्या टोपीपेक्षा हेच त्यांना शोभत होतं. मी काहीतरी आभाराचं बोलू लागले. पुस्तकातलंच असणार. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"ताई, एक सांगू? त्या दिशी पेटी ठिवून बसलो तवा म्या सेल्फवर पाय दिलाच नव्हता. नुसता गुडगा हलवला."

"म्हणजे?"

"भ्या वाटलं. चालू झाली असती तर?"

"पण तुम्हाला खात्री होती ना, पेटीचंच आहे म्हणून?"

"खात्री असती तर नुसता गुडगा कशाला हलवला असता?"

मी तिथेच, मेंढरांच्या मध्ये, जमिनीवर बसले. नदीपात्रातली ती गर्दी, तो वाकलेला म्हातारा, सगळं पुन्हा माझ्याभोवती उभं राहिलं. आबासाहेबांच्या चपलेखाली काय होणार, हे त्या दिवशी वाळूवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

मामाही बसले. एक मेंढी माझा पदर चघळत होती, तो तिच्या तोंडातून ओढून घेताना मला एकदम एक गोष्ट आठवली.

"मामा, जीप सुरू झाली नाही तेव्हा आबासाहेबांचं तोंड कसं झालं होतं, तेवढं तरी सांगा. मी डोळे मिटले होते."

"मला काय म्हाईत, ताई?" बिरूमामा म्हणाले. "मी बी मिटलं व्हतं."