कांडी निघाली एकोडीला

अख्ख्या भंडारा शहरात मांजरीची परवानगी घेऊन जगणारा एकच माणूस होता आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, धंद्याने विणकर. घराच्या पुढच्याच खोलीत हातमाग, मागाखाली पाय सोडायचा खड्डा, आणि त्या खड्ड्यात यांच्या पावलांवर पोट टेकून झोपलेली एक करडी मांजर. तिचं नाव कांडी. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात सुताची कांडी असते, तिच्यावरून ठेवलेलं. मांजर खड्ड्यात असेल तोवर धोटा चाले, ती उठून गेली की माग बंद. "पाय गार पडले का हात चालत नाही, बाबू," असं ते मला समजावून सांगत. मी कचेरीत कारकून, म्हणून ते मला बाबू म्हणत. त्यात आदर किती आणि खोडी किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. घरातलं दूध आधी कांडीला, उरलं तर चहाला, आणि ते सहसा उरत नसे. जवळच्या नातलगाच्या लग्नातून हे मंगलाष्टकं संपायच्या आत उठून घरी आले होते. कोणी विचारलं तर म्हणाले, "नवरदेवाले तं आता बायको भेटली. कांडीले कोन हाय?" लोक हसत, मीही हसे. जनावरांना माणूस बरोबर ओळखता येतो असं मी ऐकून होतो. कांडीने मला पहिल्याच भेटीत ओळखलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडून काढलं.

आमच्या सासूबाई साकोलीकडच्या एकोडीला एकट्या राहत. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आता त्यांची नजरही चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. लेकींनी भंडाऱ्याला चला म्हणून किती विनवलं, पण घर सोडायला त्या तयार नव्हत्या. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि आपल्या गावच्या मंडईला लेकी-जावई आले नाहीत तर घराला चारचौघांत उणं वाटतं. थोरले जावई लग्नाच्या वर्षानंतर एकदाही मंडईला गेले नव्हते. कारण अर्थात कांडी, आणि कांडीच्या आधी कांडीची आई. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल, त्या साली सासूबाईंचा निरोप आला: "दिसते तोवर दोन्ही जवाई एका पंगतीत पाहू द्या." दोघी बहिणी आदल्या दिवशीच पुढे गेल्या. जाताना माझी बायको काळजीत होती, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "तू निर्धास्त जा. मी आणतो त्यांना." असं बोलायची मला खोडच आहे. साडूंकडे गेलो तर ते एवढंच म्हणाले, "कांडी येत असन तं मी येतो." मी म्हटलं, मांजर ती काय, पोत्यात घालू आणि जाऊ. प्राण्याला घेऊन प्रवास करायची आम्हा दोघांचीही ती पहिलीच वेळ.

पोत्यात घालताना जे व्हायचं ते झालं, आणि ते सगळं माझ्याच हातांना झालं. पोतं बांधून मी त्यांच्यापुढे केलं, तर ते दोन पावलं मागे सरले. "जवायानं सासुरवाडीले ओझं उचलून जाऊ नये, बाबू. रीत नाही." मी म्हटलं, मीही जावईच आहे. "तुम्ही लहाने," ते म्हणाले आणि धोतराचा सोगा हातात धरून पुढे चालू लागले. म्हणून इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि खांद्यावर म्यांव म्यांव करणारं पोतं, अशा थाटात मी भंडाऱ्याच्या बाजारातून निघालो. माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही. नकोशी झालेली मांजर पोत्यात घालून वैनगंगेच्या पलीकडे सोडून यायची, पाणी ओलांडलं की तिला घरची वाट सापडत नाही, असं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ते आठवलं नाही, आणि साडूंना आठवायचा प्रश्नच नव्हता. मांजर सोडतात ही कल्पनाच त्यांच्या मनाला शिवलेली नव्हती.

एसटीत बसलो. गाडी सुरू झाली आणि पोतं बोलू लागलं. पुढच्या बाकावरचे एक पागोटेवाले म्हातारे दचकून वळले. "मांजर आडवी गेली तं आम्ही पाच पावलं वापस फिरतो, अन् तुम्ही मांजर घेऊनच गाडीत बसले?" साडू शांतपणे म्हणाले, "आडवी कुठं गेली, बाबाजी? तुमच्या संगंच जाऊन राहिली." यावर अर्धी गाडी हसली आणि अर्धी भडकली. कंडक्टर भडकलेल्यांतला निघाला. वैनगंगेचा पूल ओलांडल्याबरोबर त्याने घंटी मारली आणि मला म्हणाला, "सोडाचीच हाय ना साहेब, तं हे आलं कारधा. उतरा."

थांब्यावर एक चहावाल्या बाई होत्या. त्यांनी आधी पोत्याकडे पाहिलं, मग माझ्या खिशाच्या पेनाकडे. "शिकले-सवरले दिसता. मुक्या जीवाले सोडून देताना काहीच वाटत नाही काय?" मी काही बोलायच्या आत साडू कळवळून म्हणाले, "सोडाले नाही माय, सासुरवाडीले नेऊन राहिलो मंडईले." ही थाप त्या बाईंना आणखीच लागली. "मांजर कधी मंडईले जाते काय?" चार माणसं गोळा झाली. एकाने मला पाप फेडायला सोन्याची मांजर करून काशीला वाहायचा हिशेब सांगितला. बाईंनी बशीत दूध ओतलं, ते कांडीसाठी. मला चहा विचारलासुद्धा नाही. शेवटी धानाच्या पोत्यांचा एक ट्रक थांबला, आणि त्यांत आमचं एक पोतं जास्तीचं म्हणून आम्ही साकोली गाठली. पुढे एकोडीपर्यंत पायी.

दुपार कलली होती. सासूबाईंनी दोन पाट तसेच मांडून ठेवले होते, स्वतःही जेवल्या नव्हत्या. आम्ही बसलो तशा त्या थोरल्यांच्या अगदी तोंडाजवळ आल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "केस पिकले जवाई तुमचे." साडूंनी खाली मान घालून घास उचलला. मी पोतं सोडलं. कांडी धान साठवायच्या ढोलीखालून हिंडून आली, मला टाळून पाटांना वळसा घातला आणि सरळ जाऊन सासूबाईंच्या मांडीवर बसली. साडूंच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांच्याखेरीज ती आजवर कोणाकडे गेली नव्हती. मंडईचे दोन्ही दिवस ती त्या मांडीवरून फारशी हललीच नाही.

निघताना मी पोतं उघडून धरलं. सासूबाईंचा हात मांजरीच्या पाठीवरून फिरत होता. "न्या बाप्पा, तुमची हाय," त्या म्हणाल्या. "दोन दिवस घरात कोनी हालत-चालत होतं, तं बरं वाटलं." साडू माझ्या हातातल्या पोत्याकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "राहू द्या. माह्या घरी उंदीर नाहीत, फुकट बसून खाते. इथं ढोली हाय." त्यांनी पोत्याची घडी केली आणि स्वतःच्या काखेत मारली. मी घेतो म्हटलं तरी दिलं नाही.

परतताना कारध्याला गाडी थांबली तेव्हा ते चहाला उतरले. बाईंनी रिकामं पोतं पाहिलं. "आले ना शेवटी सोडून?" मी खरा प्रकार सांगायला तोंड उघडलं, तर साडूंनी माझा हात दाबला. "हो माय," ते म्हणाले, "सोडून आलो." पुलावरून जाताना ते खिडकीबाहेर तोंड करून बसले होते.

त्यानंतर दर पंधरवड्याला ते कांडीला पाहायला एकोडीला जात. वर्षभरात सासूबाईंची नजर पुरती गेली, आणि शेजारची एक सून येऊन त्यांची चूल सांभाळू लागली. पण मांडीवरून कांडी उडी मारून दाराकडे धावली की त्या चुलीकडे तोंड करून तिला सांगत, "पानी ठेव वं, थोरले जवाई आले." मी गेलो की कांडी जागची हलत नसे. मला दारातून नाव सांगावं लागे.