मिलिंदची ‘डबल ट्रॉली’ आता कुठेच चालत नाही

मिलिंद गेला त्याला आज वर्ष झालं.
त्याची गेम त्याच्याही आधी मेली होती. कुणाला पत्ताही नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मिलिंद माझा डिप्लोमाचा मित्र. उचगावचा. पुण्यात एका छोट्या गेम कंपनीत होता. तिथं त्यानं मोबाइलसाठी ‘डबल ट्रॉली’ केली.

शिरोळच्या फडातून ऊस भरायचा, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडायच्या आणि पलटी न करता कारखान्यावर न्यायच्या. बस्स. एवढीच गेम.

पण त्यात सगळं आपलं होतं.
रस्त्याच्या मधोमध बसलेली म्हैस. जयसिंगपूरच्या स्टँडसमोर आडवी घातलेली एसटी. आणि ओरडणारी माणसं.

आवाज त्यानं घरातच रेकॉर्ड केले. मागच्या ट्रॉलीवरचा गडी तो स्वतः. चौकात भांडणारी बाई म्हणजे त्याची आई. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आवाजाची कमी नव्हती.

“ओ पावणं, रस्ता काय तुमच्या सासऱ्यानं बांधलाय व्हय?”

आणि मागनं मिलिंदचं हसू. ते एडिट करायचं राहून गेलं, मग त्यानं तसंच ठेवलं.

एकदा फोनवर वैतागला होता.
“साहेब म्हणतात, रस्ते, आवाज, सगळं सर्व्हरवर ठेव. म्हणजे कॉपी होत न्हाय.”
“बरं मग?”
“मग काय! ज्या दिवशी सर्व्हर बंद करतील, त्या दिवशी लोकांच्या फोनवर नुसतं चित्र राहतंय बघ.”

पुढं कंपनी विकली गेली. मिलिंद दुसरीकडं नोकरीला लागला. गेमचं नाव त्यानं परत काढलं नाही. मीही विचारलं नाही.

मागच्या वर्षी याच दिवशी ऑफिसात त्याच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यापर्यंत पोचला नाही.
एकोणचाळीस वय.

काही आठवड्यांनी काकूंचा फोन आला.
“स्वाती, त्याची ती ट्रॅक्टरची गेम लावून दे की गं.”
“काकू, त्याचे व्हिडिओ आहेत की तुमच्या फोनमध्ये.”
“ते हायत. त्यात तो लग्नात नाचतोय न्हायतर केक कापतोय. गेममदी आम्ही दोघं हाय.”

मी उचगावला गेले. कपाटातला त्यांचा जुना फोन चार्जिंगला लावला. आयकॉन होता. ट्रॅक्टरचं चित्र आलं. काकूंनी चष्मा पुसून घातला.

‘सर्व्हरशी संपर्क होत नाही. नंतर प्रयत्न करा.’

काकूंनी मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या,
“नंतर म्हणजे कधी गं?”

त्यानंतर मी जे जे करता येईल ते केलं.
ॲप स्टोअरवर गेम नाही. जुनी कॉपी जुन्या गेम्स जमवणाऱ्या एका अनोळखी माणसानं पाठवली, तीही त्याच ओळीवर येऊन थांबते. मिलिंदची जुनी कंपनी ज्यांनी विकत घेतली, त्यांना मेल केला. मग आणखी एक. शेवटी रिप्लाय आला: ती गेम आम्ही आता सपोर्ट करत नाही.

अहो, सपोर्ट नको. नुसत्या आवाजाच्या फाइल्स द्या, त्याच्या आईला हव्यात, असं लिहिलं.
त्यावर काहीच आलं नाही.

मग मिलिंदच्या जुन्या टीममधला एक जण सापडला. तो म्हणाला, “मॅडम, शोधू नका. सर्व्हर बंद केला तेव्हाच सगळं डिलीट झालं. बॅकअप कुणी मागितला नाही, कुणी घेतला नाही.”

तुम्हाला माहीत आहे, मी गेमवेडी आहे. लहानपणी भावाबरोबर टीव्हीला कॅसेट लावून खेळलेल्या परदेशी गेम्स आजही माझ्या लॅपटॉपवर चालतात. का? कारण जगात कुठंतरी चार हट्टी लोकांनी त्या कॅसेटमधून कॉपी काढून ठेवली. त्यांना चोर म्हणतात.
म्हणोत.

आणि ही गेम मी रीतसर विकत घेतलेली. माझ्या मित्राची, माझ्या जिल्ह्याची. ती मला चालवता येत नाही.

पुस्तक छापायचं बंद झालं म्हणून कुणी आपल्या घरात येऊन पानं कोरी करत नाही. गेमचं तसं करतात, आणि आपण “एवढं काय, गेमच हाय ती” म्हणून सोडून देतो. बंद करायची तर करा, पण जाताना ती लोकांच्या फोनवर चालेल एवढं तरी करून जा. एवढंच मागणं आहे.

खरं सांगू? कुणी ऐकेल असं मला वाटत नाही. आता नवीन येणाऱ्या बहुतेक गेम्स अशाच आहेत. आज कुणीतरी पोरगं जीव ओतून काहीतरी करत असेल, आणि तेही असंच पुसलं जाणार.

गेल्या रविवारी काकूंना सांगायला गेले. त्या अंगणात मेथी निवडत होत्या.

“काकू, न्हाय मिळत. पुसून टाकली त्यांनी.”
त्यांचे हात थांबले.
“मुद्दाम?”
“न्हाय ओ. कुणाला लागत न्हाय म्हणून.”

काकूंनी हातातली जुडी खाली ठेवली. मग शाळेतल्या आवाजात नाही, अगदी हळू म्हणाल्या,
“मला लागत होती की.”

मी त्यांच्याशेजारी बसून मेथी निवडत राहिले.

मिलिंद, शोधलं रे सगळीकडं. नाही सापडली.
जड मनानं निरोप, तुला आणि तुझ्या ‘डबल ट्रॉली’ला.
जय भीम, मित्रा.